बोलण्याआधीचा श्वास

एखाद्या भागाची बोली उचलायची असेल तर निदान तीन माणसं ऐका, हा माझा धंद्यातला पहिला नियम. एकच ऐकलंत तर बोली हाती लागत नाही, ते माणूसच उचलून आणता. ऑडिशनला जाणाऱ्या नटनट्यांच्या डोक्यात पंचवीस वर्षं मी हे ठोकत आले, आणि सख्ख्या भाचीच्या वेळी मीच तो नियम धाब्यावर बसवला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

भाची एकोणतिशीची. आजवर तिच्या वाट्याला काय आलं, तर नायिकेची मैत्रीण आणि इस्पितळातली नर्स. आता पहिल्यांदा मोठ्या भूमिकेसाठी बोलावणं आलं होतं. वरच्या खोऱ्यातली एक बाई. वरचं खोरं म्हणजे डोंगरापलीकडची वीसबावीस गावं. तिथलं माणूस सहसा खाली उतरत नाही, आणि उतरलं की आठवडाभरात बोलणं बदलतं. कुठे ऐकायची ती बोली?

माझ्या ओळखीत खोऱ्यातलं एकच माणूस होतं. आमच्या नाटक कंपनीच्या कपडेपटात शिवणकाम करणारी. सात वर्षांपूर्वी एक पिशवी आणि तीन वर्षांची पोर घेऊन आली, तेव्हा ते काम मीच मिळवून दिलं होतं. टाचण्या मोजताना ती पुटपुटायची, त्यावरून मी तिला आठवड्यात ओळखलं. माझे कान म्हणजे मेले चोंबडेच. ओळखलं म्हटल्यावर तिने माझे पाय धरले.

"बाई, कुणाला बोलू नका. नवरा गेला तेव्हा दीर म्हणाला, पोर आमच्या घराची, तू हवं तिकडे तोंड काळं कर. नाही म्हणाले तर हे केलं." तिने डावं मनगट दाखवलं. हाड वाकडं बसलं होतं. "मी पोर घेऊन पळाले. तो अजून शोधतोय."

अशा बाईकडे मी भाचीला घेऊन गेले. माझ्या उपकाराखाली दबलेली, ती नाही कसं म्हणणार? एकच अट घातली: टेप करायचं नाही. आठ दुपारी ती शिवत राहिली, बोलत राहिली, आणि भाची समोर बसून टिपत राहिली. पोरीने कमाल केली हो. सूर, हेल, थांबण्याच्या जागा, सगळं आलं. आणि आणखी एक आलं.

शिवणारणीला खोड होती. बोलायच्या आधी ती ओठांतून हवा आत ओढायची, गरम चहाचा पहिला घोट घ्यावा तशी. मी विचारलं, "हे खोऱ्यातले सगळे करतात का गं?"

"छे हो बाई. हे आमच्या आईचं. माझ्यात आलं, आता पोरीतही उतरलंय."

भाचीने मला दोनदा विचारलं, "मावशी, ते श्वासाचं काढून टाकू का?" काढायलाच हवं होतं. ती बोली नव्हती, ती एका घराची खूण होती. पण त्या श्वासाने भाचीचं वाक्य असं काही जिवंत व्हायचं की माझ्याच अंगावर काटा यायचा. मी म्हटलं, "राहू दे. त्यानेच तर जीव येतो."

ऑडिशनच्या खोलीत लांब टेबल, त्यामागे चौघं. तिघांना मी ओळखत होते. चौथा टोकाला, राखाडी स्वेटर, टक्कल, समोर वही. दिग्दर्शक म्हणाला, "हे खोऱ्यातले. बोली बरोबर आहे का ते सांगायला बोलावलंय." भाचीला तिथल्या तिथे परत न्यावं, असं मनात आलं. मग स्वतःलाच दटावलं: वीसबावीस गावं आहेत बाई, कुठल्या कुठे नेऊ नकोस.

भाचीने श्वास ओढला आणि बोलायला लागली. त्या माणसाचं पेन वहीवर थांबलं. शेवटपर्यंत पुन्हा हललं नाही.

बाहेर व्हरांड्यात तो आमच्या मागोमाग आला. गोड माणूस, अगदी हात जोडून. "ताई, इतकं अस्सल कुणाकडून शिकलात?"

भाचीचा आनंद गगनात मावत नव्हता. तिने तोंड उघडलं तसा मी तिच्या दंडाला चिमटा काढला. "माझ्याकडे जुन्या टेपा आहेत," मी म्हटलं. "एक म्हातारी होती. वारली बिचारी."

"वारली?" तो हसला. "वाईट झालं. आवाज तरी राहिला म्हणायचा."

भाचीला मी घरी पाठवलं आणि तडक कपडेपट गाठला. तीन गल्ल्यांचं अंतर, मी धावतच गेले. शिवणारीण खिडकीपाशी मशीनवर होती. मी धापा टाकत सगळं ओकले.

"कसा होता दिसायला?" तिने विचारलं.

"राखाडी स्वेटर. टक्कल."

"तसले छप्पन असतात. बोलला कसा?"

आणि मला दुसरं येतं काय? 'इतकं अस्सल कुणाकडून शिकलात' हे त्याचं वाक्य मी त्याच्याच हेलात, त्याच्याच संथपणे म्हणून दाखवलं. मशीन थांबलं.

"पुन्हा म्हणा."

मी पुन्हा म्हटलं. तिच्या तोंडावरचा रंग उतरला. "दीर," ती म्हणाली. मग हळूच, "बाई, तुम्ही तिथून सरळ इथेच आलात?"

पडद्याच्या फटीतून खाली बघितलं. समोर कुलपं दुरुस्त करणाऱ्याच्या बंद दुकानापाशी राखाडी स्वेटर उभा होता, वर बघत. मी धावले नसते तर त्याला दारही सापडलं नसतं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय?

घड्याळात पावणेचार. तिची पोर चारला शाळेतून सुटायची. "तू मागच्या जिन्याने शाळेत जा," मी म्हटलं. "तिला घेऊन माझ्या बहिणीकडे जा. इथे परत फिरकू नकोस. याला मी खाली बोलण्यात गुंतवते." ती चप्पलसुद्धा न घालता निघाली.

मी खाली गेले. आवाज माझा नोकर आहे, तो लटपटला नाही. "अरे, तुम्ही इकडे कसे?"

"म्हातारीच्या टेपा इथेच ठेवता वाटतं?" तो तसाच गोड हसला. "थापा छान मारता ताई. आमच्या वहिनीची आई अशी श्वास ओढायची. मग वहिनी. आता पोर दहाची असेल, नाही?"

मी बडबडत सुटले. खोऱ्याबद्दल, नाटकाबद्दल, तोंडाला येईल ते. दहा मिनिटं काढायची होती फक्त. तो ऐकत होता, मान डोलावत होता, आणि त्याची नजर माझ्या खांद्यावरून रस्त्याच्या टोकाकडे जात होती.

तेवढ्यात मागून पावलं वाजली. शाळा त्या दिवशी लवकर सुटली होती. पोरीची आई मागच्या रस्त्याने तिकडे पोचत असेल, आणि ही समोरच्या रस्त्याने उड्या मारत इकडे आली. मी डोळे वटारले, मान हलवली. पोर ती, तिला काय कळणार! माझ्यापाशी येऊन उभी राहिली आणि ओठांतून हवा आत ओढली, गरम चहाचा घोट घ्यावा तशी.

"मावशी, आई वर आहे ना?"

मी तोंड उघडायच्या आत तोच बोलला. खोऱ्याच्या बोलीत, अगदी मायेने. "आई पुढे गेली बाळा. मला म्हणाली, हिला घेऊन या."

ती बोली त्या पोरीने कळतं झाल्यापासून एकाच तोंडून ऐकली होती. रात्री निजवताना, ताप आला की कपाळावर हात ठेवून बोललेली. तिने त्याच्याकडे मान वर करून बघितलं आणि ती हसली.

"खोटं बोलतोय तो!" मी ओरडले. माझ्या साध्या शहरी बोलीत. पोरगी माझ्याकडे बघायलासुद्धा तयार नव्हती.

मी तिच्या दप्तराचा पट्टा धरला. दुसरा पट्टा त्याच्या हातात होता.