चार मिनिटं जोरात

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात मी तेहतीस वर्षं बॉयलर सांभाळला. लोड सारखा वरखाली केला की बॉयलरच्या नळ्या फुटतात, हे मला पक्कं ठाऊक. हृदयविकाराच्या झटक्यानंतर मला द्वारका चौकाजवळच्या व्यायाम केंद्रात पाठवलं. कोणत्या चालण्यानं हृदय जास्त सुधारतं, ते तिथल्या डॉक्टरांना पाहायचं होतं. त्यांनी चिठ्ठ्या टाकून वाटणी केली, त्यात माझ्या वाट्याला 'चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं हळू' आलं आणि माझं डोकंच फिरलं. माझ्याबरोबरच्या, दिंडोरीच्या द्राक्षबागायतदार खंडेरावांना मात्र एका चालीनं चालायचं होतं.

मला एवढंच हवं होतं, की बायकोनं मला एकट्याला घराबाहेर सोडावं. चार महिने भागीबाई गोळ्यांची डबी घेऊन माझ्या मागे, अगदी न्हाव्याकडेसुद्धा. लाज वाटायची हो.

घरी छातीला पट्टा बांधून चालायचं होतं. मी आपला गुपचूप एकाच चालीनं चालायचो आणि वहीत 'चार-तीन' लिहून मोकळा व्हायचो. पट्ट्यात ठोके नोंदले जातात, हे जन्मभर मीटर वाचणाऱ्या माझ्या लक्षात येऊ नये!

दीड महिन्यानं तपासणीत फिजिओथेरपिस्ट वेदिकानं सरळसोट आलेख समोर धरला. मी कबूल केलं, बॉयलरचंही सांगितलं.

"काका, नळी स्वतःला दुरुस्त करत नाही," ती म्हणाली. "हृदय करतं."

मग तिनं मला भागीबाईसमोरच ट्रेडमिलवर चढवलं. चार मिनिटं जोरात चाललो, ठोके एकशेअठ्ठावीस. भागीबाई डबी उघडून उभी. तीन मिनिटं हळू चाललो, ठोके आपोआप शंभराच्या आत. असं चारदा झालं. चौथ्या वेळी भागीबाई खुर्चीवर टेकून खंडेरावांशी बोलत होती.

एका चालीनं चालून खंडेरावांचाही दम वाढला होता. "मला हेच लय बरं वाटतं, बागेत फिरल्यावानी," ते म्हणाले. वेदिकाचं म्हणणं, रोज कराल ते चांगलं. माझी नोंद मात्र तिला बाद करावी लागली. मी मनापासून माफी मागितली.

घर दहा मिनिटांवर. वाटेत भागीबाई भाजीच्या गाडीशी थांबली, सवयीनं मीही थांबलो.

"तुम्ही व्हा पुढे," मेथीची जुडी चाचपत ती म्हणाली. "मी येते मागून."

थोडं चालून मी मागे वळून पाहिलं. ती भावावरून हुज्जत घालत होती, माझ्याकडे तिचं लक्षसुद्धा नव्हतं.