एकास दोन

बँकेतून निवृत्त झाल्यावर प्रमोदिनीबाईंनी बारामतीत सकाळचा प्राणायामाचा वर्ग सुरू केला, त्याला सहा वर्षं झाली होती. श्वास आत घ्यायला जेवढा वेळ, त्याच्या दुप्पट तो सोडायला, एकास दोन. हे त्या सगळ्यांत आधी शिकवायच्या. स्वतःचा दमा त्यांनी याच जोरावर आटोक्यात आणला होता, त्यामुळे बोलताना आवाजात खात्री असायची. "प्राण नीट वाहू लागला की औषधं आपोआप सुटतात," असं त्या आठवड्यातून एकदा तरी म्हणायच्याच.

दत्तोबा डाळजहून यायचे, भिगवणला पहिली एसटी धरून. लोणी देवकरच्या एका फाउंड्रीत वीस वर्षं त्यांनी वाळूच्या साच्यातून निघालेले लोखंडी भाग घासून साफ केले होते. वाळूची धूळ छातीत जाऊन बसली. फुप्फुसं कडक झालीत, आता पहिल्यासारखी व्हायची नाहीत, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं आणि दम लागू नये म्हणून तोंडातून ओढायचा पंप दिला होता. सून रेश्मा त्यांना पहिल्यांदा घेऊन आली, तेव्हा वर्गाच्या सहा पायऱ्या चढताना ते दोनदा थांबले.

दोन महिन्यांत त्यांना झोप लागू लागली. "बाई, तुमी मला माणसात आणलं," ते म्हणाले. बाईंनी त्यांना सगळ्यांसमोर उभं केलं. टाळ्या वाजल्या.

पुढं महिनाभरानं ते यायचे थांबले. आठ दिवस वाट पाहून बाईंनी फोन केला. "आबा खाटंवरून उठत न्हाईत," रेश्मा म्हणाली.

बाई त्याच दुपारी डाळजला गेल्या. दत्तोबा उशी पोटाशी धरून पुढं वाकून बसले होते. ओठ निळसर पडले होते. शेजारी ऑक्सिजनचं यंत्र घुरघुरत होतं.

"डॉक्टरांनी दिलेला पंप घेतात ना?" बाईंनी रेश्माला विचारलं.

"दीड महिना झाला, सोडलाय. आमी किती सांगितलं. म्हणायचे, बाईच म्हणल्यात, औषधं सुटत्यात म्हणून."

"अगं, मी तसं..." त्या तसंच म्हणाल्या होत्या.

"डॉक्टर काय म्हणाले?" बाईंनी विचारलं.

"पंप घेतला असता तरी फार तर वरीसभर काढलं असतं, म्हणाले."

वर्षभर. बाई त्या एका शब्दापाशीच अडकल्या.

दत्तोबांनी हातानं खूण करून त्यांना जवळ बोलावलं. "बाई... मोजा. मी... सोडतो."

बाई मोजू लागल्या. एक म्हणेपर्यंत त्यांचा श्वास संपायचा आणि दोनच्या आधी ते पुन्हा आत ओढायचे. बाईंनी मोजणं भरभर केलं, मग त्याहून भरभर. शेवटी त्या थांबल्या.

"मोजा की," दत्तोबा म्हणाले.

परतीच्या गाडीची वेळ होईपर्यंत बाई मोजत राहिल्या.

अकराव्या दिवशी दत्तोबा गेले. "शेवटपर्यंत करीत हुते बघा," रेश्मानं फोनवर सांगितलं. तिच्या बोलण्यात ठपका नव्हता. तो असता तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात काही न लपवता सगळं सांगितलं. "माझ्या सांगण्यावरून कुणी औषध बंद केलं असेल, तर आजच सुरू करा."

वर्ग सुटल्यावर आसावरी मागं थांबली. ती पहिल्या दिवसापासूनची.

"बाई, तुम्ही उगाच मनाला लावून घेताय. त्यांची श्रद्धा कमी पडली असेल. मी तर तीन महिने शुगरच्या गोळ्या घेतल्या नाहीत. बघा, किती हलकं वाटतंय."

बाईंनी तिचा हात धरला. "आज रक्त तपासून घे. मी येते तुझ्यासोबत."

"तुम्हीच शिकवलंत ना हे?" आसावरीनं हात सोडवून घेतला.

ती पुन्हा आली नाही. तिच्याबरोबर आणखी चौघी गेल्या. गावात दुसरा वर्ग होता, आणि तिथंही औषधं सुटतात हेच सांगत, बाईंपेक्षा जास्त खात्रीनं. बाई रोज आसावरीला फोन लावत. पाचव्या दिवशी तिच्या नवऱ्यानं तो उचलला आणि सांगितलं, की तिला त्रास देऊ नका.