मागचं दार

“घाई नका करू हो. आधी जड ते ठेवा, मी आहे ना इथे उभी.”

वीस वर्षं मिस्त्रींनी हे ऐकलं. दुरुस्त केलेल्या खुर्च्या, मेजं, कधी एखादं कपाट, ते व्हॅनच्या मागच्या दारातून आत रचायचे आणि बायको दाराशी उभी राहून गावभराच्या गोष्टी सांगायची, मग शेजारच्या सीटवर बसून त्यांच्याबरोबर निघायची. ती जाऊन आठ महिने झाले होते. तेव्हापासून मिस्त्री व्हॅनमध्ये बसले नव्हते. किल्ली हातात घ्यायचे आणि पुन्हा खुंटीला अडकवायचे. शेवटी त्यांनी गाडी विकायला काढली.

गिऱ्हाईक मिळालं ते पलीकडच्याच गल्लीतलं. शिंपीणबाई साठीला टेकलेल्या, एकट्या, गळ्यात कायम मापाची टेप. त्यांची थोरली बहीण चार तासांवर राहायची आणि येत्या सोमवारी कायमची परदेशी, लेकाकडे निघाली होती. नऊ वर्षं दोघींची भेट नव्हती. आधी सासूबाईंचं आजारपण, मग दुकान, मग गुडघे, असं करता करता राहूनच गेलं. लहानपणी दोघी ज्या मशीनवर शिवायला शिकल्या, ते लोखंडी पायांचं मशीन थोरली आता धाकटीला देणार होती. ते काही बसमध्ये मांडीवर घेऊन येण्यातलं नव्हतं. “रविवारी मी स्वतः गाडी चालवत येते, तू नुसता चहा टाक,” असं बाईंनी फोनवर सांगूनही टाकलं होतं.

शुक्रवारी सकाळी त्या गाडी न्यायला आल्या. किल्ली हातात पडताच म्हणाल्या, आधी मशीन मावतंय का ते बघू. मिस्त्रींनी मागचं दार वर उचललं आणि कागद आणायला घरात वळले. बाईंनी टेपचं टोक गाडीच्या चौकटीवर दाबून धरलं. मिस्त्री उंबऱ्यापर्यंतही पोचले नसतील, तोच मागे धाडकन आवाज झाला.

बाई ओरडल्या नाहीत. दाराखाली सापडलेल्या आपल्या मनगटाकडे, ते दुसऱ्याच कुणाचं असावं तशा बघत राहिल्या.

हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी सहा आठवड्यांचं प्लॅस्टर घातलं. मिस्त्री कासावीस होऊन परत परत सांगत होते की वीस वर्षांत हे दार एकदाही पडलेलं नाही. “म्हणजे माझीच वाट बघत होतं म्हणायचं,” बाई पांढऱ्याफटक चेहऱ्याने म्हणाल्या. मग त्यांनी डॉक्टरांना एकच विचारलं, एका हाताने गाडी चालवता येईल का. डॉक्टरांनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं.

दुपारी मिस्त्रींनी जाऊन दार पुन्हा उचललं आणि सोडून दिलं. क्षणभर ते तसंच राहिलं, मग हळूहळू खाली आलं आणि आपटलं. पुन्हा उचललं, पुन्हा आपटलं. चार वेळा. मग ते तिथेच अंगणात बसले. दाराशी उभी असलेली बायको त्यांना इतक्या वर्षांनी नीट दिसली. उजवा हात वर दाराला लावून, तोंडाने गप्पा मारत उभी. रात्री उजवा खांदा दुखायचा. ते मलम चोळून द्यायचे आणि म्हणायचे, वय झालं आता.

संध्याकाळी ते बाईंकडे गेले. बाई फोन मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

“ताईंना कळवलंत?”

“नाही अजून. तिने चार दिवसांपासून भांडी बांधायचं थांबवलंय. मी येऊन जेवल्यावर बांधणार म्हणे. आता कोणत्या तोंडाने सांगू?”

मिस्त्री खाली बघत म्हणाले, “ते दार कधीच धड नव्हतं, बाई. ती धरून ठेवायची. मला माहीतच नव्हतं.”

बाईंनी फोन बाजूला ठेवला. मग हलकेच म्हणाल्या, “एवढ्या वर्षांत बोलल्या कशा नाहीत?”

“बोलली असेल. मीच ऐकलं नसेल.”

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मिस्त्री उठले, दारापर्यंत गेले आणि थांबले.

“रविवारी सहाला तयार राहा. मी नेतो तुम्हाला.”

“गाडीत बसवत नाही म्हणून विकलीत ना हो तुम्ही?”

“हो.”

“मग?”

“मग काय. सहाला.”

शनिवारी गॅरेजवाल्याने येऊन बॅटरी चार्ज केली आणि दार तोलून धरणारे दांडे बदलले. जुने हातात धरून तो म्हणाला, काका, यांत तर कधीचाच जीव नाही. मिस्त्रींनी मान हलवली.

रविवारी उजाडायच्या आधीच ते उठले. आंघोळ केली, हात जोडले, थर्मासमध्ये चहा भरला, काचा पुसल्या. शेजारची सीट अगदी पुढे ओढलेली होती, बुटक्या माणसाला समोरचा रस्ता दिसावा म्हणून. बाईंचे गुडघे तिथे मावले नसते. मिस्त्रींनी खाली हात घालून खटका ओढला. वर्षानुवर्षं न हललेली सीट आधी अडली, मग कुरकुरत मागे सरली. तिच्यावर तळहात ठेवून ते थोडा वेळ उभे राहिले.

मग चालकाच्या जागेवर बसले. शेजारीपाजारी झोपेत होते, म्हणून इंजिन सुरू न करता त्यांनी हँडब्रेक सोडला आणि उतारावरून गाडी अलगद खाली जाऊ दिली. कोपऱ्यावर किल्ली फिरवली आणि शिंपीणबाईंच्या गल्लीकडे वळले.