हॉलिसची नवी रेकॉर्ड

आमच्या रेडिओ केंद्राचे मालक पर्व्हिससाहेब, त्यांचा एक नियम होता. निवेदकाने स्वतःची रेकॉर्ड स्वतः लावायची नाही. का, तर लोक म्हणतील, बाई स्वतःचीच टिमकी वाजवते! डुकरांचे भाव मी सांगायचे, कोण वारलं, अंत्यविधी कुठल्या चर्चमध्ये, ते मी सांगायचं, पिठाच्या जाहिरातीत पीठ किती हलकं आहे तेही हसून मीच सांगायचं. पण माझं गाणं? नाव काढायचं नाही. शनिवार-रविवारी शाळांच्या हॉलमधून आणि खाणकामगारांच्या मेळाव्यांतून घसा फोडायचा, गाडीत एक डुलकी काढायची आणि सोमवारी पहाटे माइकसमोर टवटवीत हजर. लोक विचारायचे, "आर्डिथ, तू नक्की कोण गं? गाणारी की रेडिओवाली?" मी म्हणायचे, "झोप न झालेली बाई."

त्या नियमावर तोडगा काढला हॉलिस रॅटलिफने. हॉलिस आणि मी पूर्वी जोडीने गायचो. मग तो डोंगरापलीकडच्या गावात रेडिओवर लागला. काम माझंच, वेळही माझीच, पहाटेची. "सोपं आहे, आर्डी," तो म्हणाला. "तू रोज माझी रेकॉर्ड लाव, मी तुझी लावतो. नियम मोडत नाही आणि गाणी वाजतात. कुणाच्या बापाला कळतंय?"

मी लावत होते. एक दिवस चुकवला नाही. इतकं कौतुक करून लावायचे, की आमच्या गावातल्या म्हाताऱ्या त्याला घरचाच मुलगा समजायला लागल्या. तो तिकडे माझी लावतो की नाही, हे मला ऐकता येणं शक्यच नव्हतं. त्याच वेळी मी इथे बोलत असायचे ना! पण विश्वास म्हणजे विश्वास. आमची आणखी एक रीत होती. एकमेकांची नवी रेकॉर्ड आधी ऐकायची नाही, पाकिटातून काढायची आणि थेट लावायची, म्हणजे आवाजातलं नवल खरं वाटतं. ही रीतही त्याचीच.

आता गाण्याचं सांगते. माझा धाकटा भाऊ डेल्मर मोटारींच्या कारखान्यात काम करायला डेट्रॉइटला गेला आणि तिकडचाच झाला. पत्र नाही, काही नाही. आई मात्र रोज झोपताना त्याचे जुने बूट चुलीपाशी ठेवायची. सकाळी आलाच पोरगा, तर पाय गार नकोत. मला ते बघवायचं नाही. शेवटी मी त्यावर गाणं केलं. माझी बाकीची गाणी बरी होती, चालून जायची. पण हे गाणं वेगळं होतं आणि ते मला ठाऊक होतं.

ते मी एकट्या हॉलिसला म्हणून दाखवलं, एका कार्यक्रमाहून परतताना, त्याच्या गाडीत. त्याने गाडी कडेला घेतली. डोळे पुसले. म्हणाला, "आर्डी, हे कुणाला ऐकवू नकोस. रेडिओवर तर मुळीच नाही. रेडिओवर म्हटलं की गाणं शिळं होतं. रेकॉर्डसाठी राख."

"आईला तरी?"

"वेडी आहेस? ती रविवारी चर्चमध्ये सगळ्यांना सांगत सुटेल. तिला रेकॉर्डच नेऊन दे. बघ कशी रडते ते!"

मला पटलं. नॅशव्हिलच्या एका रेकॉर्ड कंपनीने मला वसंतात गायला बोलावलं होतं. पर्व्हिससाहेबांच्या नाकदुऱ्या काढून मी रजा मिळवली होती. याच गाण्यावर माझी सगळी भिस्त होती. ते चाललं असतं, तर डुकरांच्या भावातून माझी सुटका होती.

ते सत्तावन्न साल. जायला महिनाभर होता, आणि हॉलिसची नवी रेकॉर्ड आली. नाव होतं 'आईची वाट'. मी माइकवर म्हटलं, "मंडळी, कॉफीचा कप खाली ठेवा. आपल्या हॉलिसचं नवंकोरं गाणं. मीसुद्धा ऐकलेलं नाही." सुई ठेवली आणि मयतांची नावं चाळायला घेतली.

गिटारच्या पहिल्या दोन सुरांतच माझा हात थांबला. मग हॉलिसचा आवाज आला. चूल आली. बूट आले. गार पाय आले. माझा शब्दन् शब्द! बदललं होतं ते फक्त गाण्याचं नाव. काचेपलीकडे पर्व्हिससाहेब मान डोलावत होते. मला वाटलं सुई उचलावी आणि ती तबकडी भिंतीवर फोडावी. पण मीच आत्ता सगळ्या गावाला सांगून बसले होते की हे गाणं हॉलिसचं.

फोन वाजला. आई.

"आर्डी! अगं, ऐकतेस ना? आपल्या डेल्मरवर केलंय गं त्याने! आपले बूट!" ती हुंदके देत होती. "किती मायेचा पोरगा! परत लाव. मी शेजारच्या ओपललाही बोलावते."

"लावते," म्हटलं. आणि लावलं. माझ्या हाताने, दुसऱ्यांदा.

ते वाजत असतानाच मी डोंगरापलीकडे फोन लावला. त्याचीही कुठली तरी रेकॉर्ड चालू होती, मागे ऐकू येत होती.

"हॉलिस, मेल्या, केसाने गळा कापलास माझा."

"चिडू नकोस, ऐक तरी."

"तेच ऐकतेय मघापासून!"

"आर्डी, खरं सांग, तू आईला सोडून निघाली असतीस? चार शाळांत म्हटलं असतंस आणि परत येऊन पिठाची जाहिरात वाचली असतीस. तुझ्यापाशी ते गाणं कुजलं असतं. मी शनिवारी रेडिओ सोडतोय. गावोगावी घेऊन जाणार आहे ते."

"लेखक म्हणून नाव कुणाचं टाकलंस?"

तो उगाच खोकला.

"आणि माझी रेकॉर्ड? ती तरी लावत होतास ना रे रोज?"

"अगं, इथल्या मालकाला सकाळी बाईचा आवाज चालत नाही. पहिल्यांदा एकदोनदा लावली की." मग घाईघाईने म्हणाला, "माझं गाणं संपत आलंय, ठेवतो."

आणि ठेवलाच. रेडिओवाला ना, गाणं संपलं की बोलायला हजर राहावंच लागतं. मलाही लागलं. मी मयतांची नावं वाचली, न अडखळता.

काम संपताच गिटार घेऊन थेट आईकडे गेले. तिचे डोळे सुजलेले होते, पण चेहरा असा खुललेला मी कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. मी उभ्या उभ्याच म्हणाले, "आई, ते गाणं माझं आहे. हॉलिसने चोरलं."

"असं बोलू नये गं," ती म्हणाली. "त्याचं चांगलं झालं, तर जळू नये."

"आई, बुटांचं त्याला कुठून कळणार?"

"कुठून म्हणजे? किती वेळा जेवलाय तो इथे. या खुर्चीवर बसून बूट बघायचा आणि डेल्मरची चौकशी करायचा. बाकी कोण करतं?" तिने माझा हात हातात घेतला. "आणि तुझं असतं, तर मला आधी म्हणून दाखवलं नसतंस?"

मी खुर्ची ओढली, गिटार घेतली आणि म्हणायला लागले. सबंध म्हटलं. ज्या चुलीवर ते केलं होतं, तिच्याच शेजारी बसून, जिच्यासाठी केलं तिच्याकडे बघत. इतकं जीव तोडून मी आयुष्यात गायले नव्हते. संपलं तेव्हा माझा आवाज चिरकला होता.

आईने ॲप्रनने डोळे टिपले. माझ्या केसांवरून हात फिरवला.

"बघ बाई," ती म्हणाली, "सकाळी ऐकलंस, आणि एवढ्यात बसवलंससुद्धा!"