उलटी नदी

घाट उतरला तवापासूनच चंद्रभानचं डोकं तापेल होतं. अंगाले चिकट घाम, हवेले सुकवलेल्या बोंबलाचा वास, अन् जेवाले भातच भात. ज्वारीची भाकर मांगतली त लोक तोंडाकडे पाहत. भिवंडीजवळच्या त्या कोळीवाड्यात त्याचं पागोटं पाहून बायका तोंडाले पदर लावत होत्या. अमरावतीच्या पेठेत ज्याच्या बैलबंडीले लोक वाट देत, तो अठी माकडवाल्याचं माकड झाला होता.

साता समुद्रापल्याड कोठीतरी लढाई लागली होती, म्हणून वऱ्हाडातल्या कापसाले सोन्याचा भाव आला होता. रेल अजून घाट चढली नव्हती. गठाणी बैलबंडीतूनच बंदरावर येत.

चंद्रभानच्या बंडीले डाव्या अंगानं हरण्या जुंपेल होता. तो त्याचा बैल नव्हता, वहिनीचा होता. हरण्याची माय मेली तवा मैनाबाईनं त्याले पेज पाजून वाढवलं होतं. निघताना सगळ्या घरासमोर ती एकच बोलली होती, "भाऊजी, कापसाचं काहीबी होऊ द्या. माहा बैल मले जित्ता पायजे."

बरोबरचा म्हातारा बंडीवाला नत्थुजी आपली बंडी नदीच्या काठावर झाडाखाली ठेवून, गलबतावर जागा हाये का पाहाले बंदरावर गेला. जाताना सांगून गेला का आलोच मी, तू अठीच थांबजो. पण झाडं कसली, नारळाची. बोटभर सावली, तेबी दर घडीले पळणारी. खाली मात्र नदीचं पात्र रुंद, कोरडं, गार रेतीचं. उन्हाळ्यात वऱ्हाडातल्या बंड्या पूर्णेच्या पात्रात अशाच उतरतात. हातभर झिरा खोदला का पाणी. चंद्रभाननं बंडी खाली घातली. नत्थुजी कवाबी हाक मारन म्हणून बैल सोडले नाही.

मासोळीची पाटी घेऊन चाललेली एक कोळीण काठावर थांबली.

"ए पाव्हन्या, गारी वर ने. आता पानी भरंल."

चंद्रभाननं आभाळ पाह्यलं. ढगाचा ठिपका नाही. वरच्या अंगाले नदी ठणठणीत.

"पूर कोठून येते वो? तुया पाटीतून?"

ती हासली. हासली नसती त त्यानं कदाचित बंडी वर नेलीबी असती. पण तिच्यासंगच्या दोघीही हासल्या, अन् एकीनं त्याच्या बोलण्याची हुबेहूब नक्कल केली. मंग तो मुद्दामच बसला.

झिरा खोदला. पाणी लागलं. चाखून पाह्यलं त खारं. हरण्यानं तोंड फिरवलं. चंद्रभानले त्याचं काहीच वाटलं नाही, कारण त्याचं गावच अकोल्याकडच्या खारपाणातलं. तठी विहिरीचं पाणी असंच लागते. खाऱ्या पाण्याले तो काय भेते?

कोळणीले खोटं पाडाले तो वरच्या अंगाले डोळे लावून बसला होता. पाणी पाठीमागून आलं. आवाज नाही, लोंढा नाही. खालून वर, चढाकडे, नदी उलटी चालत आली. चंद्रभान नुसता पाहत राह्यला. नदी मागं फिरताना त्यानं जन्मात पाह्यली नव्हती. तोवर चाकं अर्धी बुडाली अन् खालची रेती शेणावाणी मऊ झाली.

त्यानं बैलाच्या शेपट्या पिरगाळल्या, तुतारीची आर टोचली, नदीले शिव्या घातल्या, कोळणीले घातल्या, बैलांलेबी घातल्या. बंडी हलली नाही. हरण्याचे पुढचे पाय रुतले अन् तो गुडघ्यावर आला. जुवानं मान दाबली. पाणी नाकपुड्याले लागलं.

कोळीण पाटी टाकून पाण्यात शिरली. हातात मासे चिरायची सुरी. तिनं हरण्याचा गळा जुवाशी बांधणाऱ्या जोत्याले हात घातला, तसं चंद्रभाननं तिचं मनगट धरलं. त्याच्या घरी जोतं सोडत, कापत कोणी नसे. कापणं म्हणजे जोडी मोडणं. अन् हे मासोळीचं पातं, वहिनीच्या बैलाच्या गळ्यापाशी.

"हात सोर," ती म्हणाली. आता ती हासत नव्हती. "तुला गारी पायजे का बैल?"

ती खरं बोलली होती, अन् त्याले सगळ्यात जास्त राग त्याचाच आला. त्यानं मनगट सोडलं, सुरी हिसकली अन् दोन्ही बैलांचे जोते सोताच्या हातानं कापले.

बैल फुरफुरत, पोहत काठाले लागले. बंडी तठीच राह्यली. गठाणी पाणी पेऊन दगड झाल्या.

काठावर सारा कोळीवाडा जमला होता. कोणी हासलं नाही. हासले असते त त्याले बरं वाटलं असतं, कोणाच्या तरी अंगावर धावून जाता आलं असतं. कोळणीनं घरून गोड्या पाण्याची घागर आणली अन् हरण्याचे डोळे धुवाले लागली. चंद्रभाननं तिच्या हातून घागर ओढून घेतली. तिनं देऊन टाकली.

"सांजच्याला पानी जाईल," ती म्हणाली. "मंग गारी कारू. आमचे बापये येतील."

"जाईल म्हणजे?"

"जाईल म्हंजे जाईल. आलं तसं."

"मंग उद्या?"

"उद्या परत येल. रोजच येतं."

चंद्रभाननं भवताली पाह्यलं. काठावर नागडी पोरं उभी होती, वाटेवर एक आंधळा म्हातारा बसला होता. त्या सगळ्याइले हे ठाऊक होतं. त्यानं नदीकडे पाठ केली अन् दात आवळून हरण्याचा दुसरा डोळा धुवाले घेतला.