जोडावरचं लोखंड

तिने तिसऱ्यांदा तोच आकडा कागदावर उतरवला आणि पेन खाली ठेवलं. चार बोटं.

नव्या पादचारी पुलावरून गर्दी एका ठेक्यात चालली तर तो किती हलेल, एवढाच प्रश्न होता. तीन बोटांपर्यंत चालतं. सोळा संगणकांनी पुलाचे सोळा तुकडे वाटून घेतले आणि तासाभरात उत्तर दिलं: दोन बोटं. तिने मात्र जुन्या खोडीने तोच पूल एकट्या संगणकाला अख्खा दिला. तो बिचारा तीन दिवस रखडला आणि म्हणाला, चार.

साहेब खुर्चीचा हात धरून उठले. गुडघ्यांनी त्यांचा छळ मांडला होता.

"सोळा जण ठीक म्हणतात, एकटा नाही म्हणतो. बहुमताचा मान ठेव की गं."

"सोळाही जण एकच चूक करतायत, साहेब. दोन तुकड्यांमधल्या जोडावरचं लोखंड दोघंही आपलंच म्हणून मोजतात. नुसत्या हिशेबात जोड दुप्पट दणकट होतो."

"प्रोग्रॅम कुणाचा?"

"माझाच. नऊ वर्षांपूर्वीचा." तिने खिडकीकडे बोट केलं. "नवा पूल सुधारू हो. पण आजवरचे एकतीस पूल ह्यानेच पास केलेत. हा खिडकीखालचासुद्धा."

साहेबांनी टेबलावरचा डबा उचलला.

"सहा वर्षं ठणठणीत उभाय तो. झाकली मूठ सव्वा लाखाची. एकतीस ठिकाणी चूक कळवणारी पत्रं धाडलीस तर तुझी नोकरी जाईल आणि माझी अब्रू. सह्या माझ्या आहेत." त्यांनी डबा पिशवीत घातला. "नव्याचं तेवढं बघ आणि घरी जा. डोळे बघ कसे झालेत."

बोलण्यात माया होती, म्हणूनच ती जास्त थकली. खरंच, घरी जाऊन नुसतं आडवं व्हावं. कोण विचारणार होतं? तिने संगणक बंद केला, पर्स खांद्याला अडकवली आणि खिडकी लावायला गेली.

खाली साहेब पुलाच्या लिफ्टपाशी उभे होते. पायऱ्या झेपत नाहीत म्हणून सहा वर्षं ते रोज ह्याच लिफ्टने वर जाऊन पुलावरून बसथांबा गाठायचे. लिफ्ट आली, दार उघडलं. त्यांनी मान वर करून पूल पाहिला. दार मिटलं. मग पिशवी दुसऱ्या हातात घेऊन, गाड्यांना हात दाखवत, लंगडत ते रस्त्यावरूनच पलीकडे गेले.

तिने पर्स टेबलावर ठेवली, संगणक पुन्हा सुरू केला आणि पहिलं पत्र ह्याच पुलाचं लिहायला घेतलं.