लोकर निवडणाऱ्या बायकांची ओळ

कन्नड मुलखातल्या के. आर. पुरमच्या ब्लँकेट गिरणीत विमलाला नोकरी लागली ती चीनच्या लढाईनंतरच्या उन्हाळ्यात. लष्कराला ब्लँकेटं हवी होती, जितकी निघतील तितकी. त्याच सुमारास गिरणीचे मॅनेजर विश्वासराव कलकत्त्याला एका परिषदेला जाऊन आले. कुठला माल किती काढायचा हे आता मॅनेजरच्या अंदाजावर सोडायचं नसतं, त्याची समीकरणं मांडायची असतात, असं ते तिथं ऐकून आले होते. त्यांना समीकरणं मांडणारं माणूस पाहिजे होतं. अर्ज आले त्यात संख्याशास्त्र शिकलेली एकटी विमलाच होती.

"मुलगी आहे," असं कुणीतरी म्हणालं म्हणे. विश्वासराव म्हणाले, "आकडे थोडेच विचारतात, मांडणारा कोण ते?"

हे वाक्य विमलाचे वडील नरसिंहराव चामराजपेटेतल्या सगळ्या नातेवाइकांना सांगत फिरले. टपाल खात्यातून निवृत्त झालेला साधा माणूस. घराणं किती पिढ्यांपूर्वी या मुलखात आलं हे त्यांनाही नीट सांगता येत नसे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि मुलीच्या गणितावर देवासारखी श्रद्धा. "गणित कुणाचं वाईट करत नाही, अक्का," ते मुलीला लाडानं अक्काच म्हणत, "माणसं करतात."

विमलाला काम आवडलं. आखीव कागद एकाला एक चिकटवून तिनं टेबलाएवढा तक्ता केला. आडव्या ओळी म्हणजे गिरणीच्या मर्यादा: माग किती, लोकर किती, बॉयलरची वाफ किती, माणसं किती. उभ्या रकान्यांत ब्लँकेटांचे प्रकार: लष्करी, दवाखान्याचं, घरगुती चौकटीचं. सगळ्या ओळी सांभाळून जास्तीत जास्त नफा कशात, ते शोधायचं. हिशेबाच्या यंत्राचा दांडा फिरवून फिरवून तिचा खांदा भरून येई. एक आकडा चुकला की सगळा तक्ता पुन्हा.

पहिल्याच वर्षी तक्त्यानं एक गोष्ट दाखवली. सगळे म्हणत माग कमी पडतात. विमलाचं उत्तर निघालं, माग पुरेसे आहेत, अडतंय ते वाफेशी. विश्वासरावांनी नवे माग घ्यायचं रद्द करून दुसरा बॉयलर बसवला, आणि माल भराभर निघू लागला. त्या दिवसापासून ते तिला सगळ्यांसमोर "आमच्या गणिती बाई" म्हणू लागले. तिला ते आवडे. का आवडू नये?

ऑफिसात बायकांसाठी मोरी नव्हती. बायका फक्त लोकर निवडायच्या शेडमध्ये होत्या, त्यांची मोरीही तिथंच, म्हणून विमला दुपारी डबा घेऊन तिकडे जाई. आत लोकरीचा तेलकट, मेंढ्यांचा वास भरलेला असे. बायका ओळीनं बसून लांब धागा एकीकडे, आखूड एकीकडे, काटे-कुसळं तिसरीकडे टाकत. बहुतेक बेळगाव-निपाणीकडून आलेल्या. त्यांची मुकादम गंगव्वा. रुंद हाडाची, कपाळावर गोंदण, आवाज मोठा. विमलाला पहिल्या दिवशी तिनं पोतं झटकून बसायला दिलं आणि विचारलं, "तू वर बसून काय करतीस गं? नुसतं घर्रघर्र ऐकू येतंय."

विमलानं जमेल तसं समजावलं. दुसऱ्या दिवशी तक्ता गुंडाळून आणला आणि पोत्यावर पसरला. बायका भोवती जमल्या.

"आमी कुठं हाय ह्यात?" गंगव्वानं विचारलं.

विमलानं खालून दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. ती ओळ तिनं स्वतःहून घातली होती. पूर्वी याच बायका गिरणीसाठी हातानं सूत कातत. कातायची यंत्रं आली तेव्हा थोरल्या मालकांनी या शेडमध्ये उभं राहून सांगितलं होतं, की तुमचं सूत मी घेतलं, तुमचं पोट घेणार नाही. जोवर गिरणी आहे तोवर लोकर तुम्हीच निवडायची. थोरले मालक आता नव्हते. पण शब्द सगळ्या गिरणीला माहीत होता. विमलानं तो गणिताच्या भाषेत लिहिला: शेडमधल्या बायका आहेत त्याहून कमी व्हायच्या नाहीत.

"ही तुमची ओळ," ती म्हणाली.

गंगव्वानं ओळीवरून हलकेच बोट फिरवलं आणि हसली. "मालकाचा शबुद कागदावर आला की गं."

मग लष्कराची मागणी ओसरली. गोदामात ब्लँकेटांच्या थप्प्या छताला लागल्या. धाकटे मालक, थोरल्यांचा मुलगा, आता दर आठवड्याला गिरणीत येऊ लागले, आणि विश्वासरावांचा आवाज बदलला. एका सकाळी ते विमलाच्या टेबलापाशी उभे राहून एकेक ओळ वाचू लागले. खालून दुसरीवर थांबले.

"ही कसली?"

"बायकांच्या शेडची, सर. थोरल्या मालकांनी शब्द दिला होता."

"माग मोजता येतात. वाफ मोजता येते. शब्द कशात मोजतात, विमलाबाई?"

विमलानं पेन्सिल खाली ठेवली.

"निवडलेली लोकर बाहेरून तयार मिळते. ही ओळ काढून एकदा सोडवून बघा. नुसतं बघायला."

तिनं ओळ काढली. दोन दिवस दांडा फिरवला. उत्तर आलं तेव्हा निवडायच्या शेडसमोर शून्य होतं. थोड्या बायका कमी नाहीत, अर्ध्या नाहीत. शून्य.

विमला घाबरली, पण हरली नाही. तिच्याकडे गणित होतं. ओळ ठेवली तर आणि काढली तर, दोन्हींतला फरक तिनं काढला, दोनदा तपासला, आणि तिला हायसं वाटलं. फरक फार थोडा होता. शब्द पाळायला गिरणीला वर्षाला जे लागत होतं, ते मालकांच्या पाहुण्यांसाठी ठेवलेल्या बंगल्याच्या खर्चाहूनही कमी होतं. हे दाखवलं की झालं. कुणीही शहाणा माणूस म्हणेल, एवढ्यासाठी कशाला शब्द मोडायचा?

संचालकांच्या बैठकीत तिला बोलावलं. तिनं तक्ता भिंतीला लावला, ओळ दाखवली, फरक सांगितला. बंगल्याचं उदाहरणही दिलं. त्यावर दोघेतिघे हसले.

धाकटे मालक मात्र लक्ष देऊन ऐकत होते. ते हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे वडिलांच्या शब्दाला खर्च येतो."

"थोडाच, सर."

"थोडा असेना. आजवर आम्हाला माहीतच नव्हतं. आम्हाला वाटायचं या बायका गिरणीला लागतात. आता तुम्ही सिद्ध करून दाखवलंत, की लागत नाहीत, आपण त्यांना पोसतो आहोत." त्यांनी बाकीच्यांकडे पाहिलं. "हे कळल्यावर भागधारकांना काय तोंड दाखवू? बंगल्याचंही बघू या पुढे. आभारी आहे. फार स्पष्ट मांडलंत."

विमला तक्ता काढायला वळली. जी गोष्ट वाचवायला ती गेली तिलाच तिनं किंमत चिकटवली होती, आणि किंमत दिसल्याबरोबर लोकांनी ती गोष्टच नको म्हणून परत केली होती.

जिन्यात विश्वासराव म्हणाले, "बायकांना तुम्हीच सांगा. त्यांची भाषा तुम्हाला येते, तुमच्यावर त्यांचा विश्वास आहे."

"माझ्यानं होणार नाही, सर."

"मग टाइप केलेली नोटीस दारावर लावतो. इंग्रजीत आहे. कुणाकडून तरी वाचून घेतील."

विमला गेली. जेवायची वेळ होती. गंगव्वानं तिच्यासाठी भाकरीवर ठेचा काढून ठेवला होता. विमलानं उभ्यानंच सांगितलं. महिनाअखेरीस शेड बंद. कायद्यानं जे मिळायचं ते मिळेल. कुणी ओरडलं नाही. एका म्हातारीनं हातातली लोकर निवडायची थांबवली नाही, तिला बहुधा नीट ऐकू आलं नव्हतं.

"कोण म्हणालं असं?" गंगव्वानं विचारलं.

"वरच्यांनी ठरवलं. हिशेबात तसं निघालं."

"हिशेब कुणी घातला?"

"मी," विमला म्हणाली. "पण मी तुमची ओळ ठेवा म्हणून सांगितलं, गंगव्वा. देवाशपथ सांगितलं. किती थोडं लागतं तेसुद्धा दाखवलं."

गंगव्वानं पुढ्यातली भाकरी बाजूला सारली. मग म्हणाली, "तू कशाला दाखवलंस? ते कुठं इचारत होते?"

गंगव्वानं भाकरी पुन्हा फडक्यात बांधली आणि बायकांकडे वळून कन्नडमध्ये काहीतरी म्हणाली. बायका सरकून बसल्या. विमलाला बसायला पोतं उरलं नाही.

शेडला कुलूप लागलं. त्यानंतर अख्ख्या गिरणीत विमला एकटी बाई राहिली, आणि तिला मोरी राहिली नाही. ती सकाळपासून पाणी पिईनाशी झाली. अगदीच झालं तर उन्हातून स्टेशनवरच्या बायकांच्या खोलीपर्यंत चालत जाई. दोनदा तिला ताप भरला. तिनं विश्वासरावांना लाजत सांगितलं तेव्हा ते चिडले नाहीत. "हो, हो, बघायला हवं," ते म्हणाले. "पण एका माणसासाठी वेगळी सोय म्हणजे... तुम्हीच हिशेब करून बघा ना."

गिरणीचं काही बिघडलं नाही. बाहेरची लोकर चांगली निघाली. नफा जेवढा वाढेल असं विमलानं म्हटलं होतं, जवळजवळ तेवढाच वाढला.

पुढच्या वर्षी शहरातल्या कारखानदारांच्या सभेत विश्वासरावांनी व्याख्यान दिलं. विषय, गणिती पद्धतीनं कारखान्याचे निर्णय. विमलाचा तक्ता नव्यानं रंगीत काढून घेतला होता. ती काठी घेऊन बाजूला उभी होती. ते ज्या ओळीचं नाव घेतील तिच्यावर काठी ठेवायची, एवढंच काम. काढलेली ओळ त्यांनी लाल शाईनं दाखवली. "भावनेची ओळ," ते म्हणाले. लोकांना ते फार आवडलं.

शेवटी मागच्या रांगेतल्या एका वयस्क गृहस्थांनी विचारलं, "त्या बायकांचं पुढं काय झालं?"

"बहुतेकींना दुसरीकडे काम मिळालं," विश्वासराव म्हणाले, आणि विमलाकडे पाहिलं. "नाही का?"

विमलानं मान हलवली. हो म्हणून. तिला काहीही माहीत नव्हतं. सगळे चहाला उठले तरी ती काठी धरून उभीच होती.

त्या रविवारी ती वडिलांना न सांगता शोधायला निघाली. गिरणीमागच्या वस्तीत विचारत विचारत महादेवपुऱ्यापलीकडच्या वीटभट्टीवर पोचली. गंगव्वा डोक्यावर ओल्या विटा वाहत होती. ती वाळली होती. विटांच्या वजनानं मान खांद्यात रुतल्यासारखी दिसत होती.

"बाकीच्या?" विमलानं विचारलं.

"पाचसहा हितं. काही गावाकडं गेल्या. म्हातारी गेली."

"गावाला?"

"न्हाई. गेली."

विमला रडू लागली. गंगव्वानं तिला रडू दिलं, विटा उतरवल्या, पदरानं तोंड पुसलं. रागावलेली दिसत नव्हती, नुसती थकलेली.

"तू काय बघायला आलीस?" ती म्हणाली. "ह्याचा बी तक्ता करायचाय?"

"नाही हो, गंगव्वा. मला फक्त कळायला पाहिजे होतं."

"कळलं न्हवं? मग जा. मुकादम बघतोय. बोलत उभी राहिले की पैसे कापतोय." आणि ती दुसरी खेप आणायला गेली.

घरी येऊन विमला वडिलांना म्हणाली, "मी नोकरी सोडतेय."

नरसिंहराव हबकले. तिनं सगळं सांगितलं. ऐकून ते म्हणाले, "पण तुझं गणित तर बरोबर होतं ना?"

"बरोबर होतं, अण्णा."

त्या रात्री नरसिंहराव जेवले नाहीत.

राजीनाम्यात विमलानं खरं कारण लिहिलं: दिलेला शब्द मोडायला माझं काम वापरलं गेलं. ऑफिसच्या हेडक्लार्कनं ते वाचून कागद परत दिला. असं लिहून चालत नाही, वर गेलं तर चौकशी होईल, तुमचाच पगार अडकेल, असं तो कळवळ्यानं म्हणाला. मुलींचं कारण ठरलेलं असतं. त्यानं स्वतःच दुसरा कागद टाइप केला: लग्नामुळे. विमला दारात उभी राहून त्या दोन्ही कागदांकडे पाहत राहिली, आणि शेवटी दमून दुसऱ्यावर सही केली.

निरोपाला विश्वासरावांनी चहा ठेवला. गिरणीतर्फे तिला घरगुती चौकटीचं एक डबल ब्लँकेट दिलं. भाषणात ते म्हणाले, की आमच्या गणिती बाई आता संसाराचं गणित मांडायला निघाल्या आहेत. टाळ्या झाल्या.

"माझं लग्न ठरलेलं नाही," विमला मोठ्यानं म्हणाली.

सगळे जोरात हसले. लाजताहेत, कुणीतरी म्हणालं, आणि बशीतले लाडू पुढं सरकवले.